पार्वती की मियार? हिमाचलातील दोन नदीखोऱ्यांची तुलना

पार्वती आणि मियार यांपैकी कोणते खोरे निवडावे, हा प्रश्न पुढे आला की चर्चा बहुधा खर्च आणि निसर्गसौंदर्य यांवरच घोटाळत राहते. माझ्या मते, आधी रजा कोणत्या महिन्यात मिळणार आहे ते पाहावे. कुल्लू जिल्ह्यातील पार्वतीच्या खोऱ्यावर मोसमी पावसाचा थेट मारा असतो. दरड कोसळली की भुंतरहून मणिकर्णकडे जाणारा रस्ता बंद पडतो, आणि जुलै २०२३ च्या पुरात तिथे अनेक पर्यटक अडकून पडले होते. लाहौलमधील मियार मात्र पीर पंजाल पर्वतरांगेच्या पलीकडे, पर्जन्यछायेत आहे. सह्याद्रीचे कडे निसरडे होऊन आपले प्रस्तरारोहण थंडावते, नेमक्या त्याच दिवसांत तिथला ग्रॅनाइट बहुतांशी कोरडा असतो. म्हणून मे-जून किंवा ऑक्टोबरसाठी पार्वती आणि जुलै-ऑगस्टसाठी मियार, अशी विभागणी मला योग्य वाटते.

पोहोचण्याच्या सोयीतील फरक आता बराच मिटला आहे. ३ ऑक्टोबर २०२० रोजी अटल बोगदा खुला झाल्यापासून रोहतांग खिंड ओलांडावी लागत नाही आणि मनालीहून मियारच्या तोंडाशी असलेले लाहौलमधील उदयपूर एका दिवसात गाठता येते.

निव्वळ पायी भटकायचे असेल, तर नवख्यांसाठी पार्वतीच सोयीची. बरशैणीहून खीरगंगेच्या गरम पाण्याच्या कुंडापर्यंतची चाल एका दिवसाची आहे, अर्थात गर्दी सोसण्याची तयारी हवी. अनुभवींना त्याच वाटेने पुढे मानतलाई सरोवर आणि सुमारे ५,३०० मीटर उंचीची पिन-पार्वती खिंड खुणावते. मियारची वाट नदीकाठच्या रुंद कुरणांतून जाते, त्यामुळे चढ फारसा अंगावर येत नाही. पण शेवटची वस्ती मागे पडली की चहाची टपरीही नाही. हिमनद्यांतून येणारे ओढे दुपारी फुगतात, म्हणून ते सकाळीच ओलांडावेत.

आरोहणाच्या बाबतीत मात्र तुलना एकतर्फी आहे. केवळ कातळासाठी पार्वतीला जावे, असे मी कोणाला सुचवणार नाही. मियारमध्ये शेकडो मीटर उंचीच्या ग्रॅनाइटच्या भिंती आहेत. तथापि सह्याद्रीच्या बेसाल्टवर, कातळात आधीच ठोकलेल्या बोल्टच्या भरवशावर तयार झालेल्या आरोहकाला तिथे नवी सवय लावून घ्यावी लागते. हात उभ्या चिरेत घालून, अंगठा तळव्याकडे दुमडून पंजा आत घट्ट रुतवायचा आणि त्यावर भार तोलायचा. पंजाला चिकटपट्टी गुंडाळलेली नसेल, तर मागच्या बाजूची कातडी सोलून निघते. दोर अडकवण्याची साधनेही चिरांमध्ये स्वतःच बसवावी लागतात.

वरच्या मियारमध्ये मोबाइलचा भरवसा नाही आणि जखमीला रस्त्यापर्यंत आणणे हेच मोठे काम ठरते. चमूत प्रथमोपचार आणि दोराने सुटका करण्याचे तंत्र जाणणारे किमान दोघे नसतील, तर मियारचा बेत पुढच्या मोसमावर ढकललेला बरा.