फ्लू झालाय: कामावर जायचं, घरून काम करायचं की रजा घ्यायची?

ताप, अंग मोडून आलेलं, कोरडा खोकला, आणि उद्या न टाळता येण्यासारखं काम. अशा वेळी बहुतेक जण पॅरासिटामॉल घेतात आणि तासाभरात ताप उतरला की आवरून निघतात. निर्णय चुकतो तो इथेच. ही गोळी ताप उतरवते, विषाणूचं काहीही वाकडं करत नाही. थर्मामीटर नॉर्मल दाखवत असला तरी तुम्ही विषाणू इतरांना देतच असता.

कामावर जाण्याचा एकच फायदा: काम अडत नाही. तोटा मात्र दिसत नाही म्हणून कमी वाटतो. फ्लूचा रुग्ण लक्षणं दिसायच्या साधारण एक दिवस आधीपासून विषाणू पसरवू लागतो, आणि आजारपणाचे पहिले तीन-चार दिवस त्याचा जोर सगळ्यात जास्त असतो. म्हणजे माणूस रेटून कामावर जातो नेमका त्याच दिवसांत. शेजारच्या खुर्चीवरच्या सहकाऱ्याला दमा आहे का, कुणी गरोदर आहे का, कुणाच्या घरी तान्हं बाळ आहे का, हे आपल्याला ठाऊक नसतं.

घरून काम हा मधला मार्ग चांगला वाटतो, पण तो सौम्य आजारातच खरा. ताप चढलेला असताना लॅपटॉप उघडून बसणं ही विश्रांती नव्हे. ताप पूर्ण उतरल्यावर, थकवा उरला असताना हा पर्याय उत्तम, कारण त्या दिवसांतही थोडाफार संसर्ग पसरू शकतो.

माझं मत स्पष्ट आहे: ताप आहे तोवर पूर्ण रजा. गोळी न घेता सलग २४ तास ताप आला नाही आणि एकूण बरं वाटू लागलं, तरच कामावर परतावं. ‘गोळी न घेता’ हे तीन शब्द सगळ्यात महत्त्वाचे. परतल्यावरही पुढचे पाच दिवस मास्क लावावा आणि बंद खोलीतल्या बैठका टाळाव्यात. ज्यांची रजा म्हणजे त्या दिवसाचं वेतन बुडणं, त्यांना नुसतं ‘घरी थांबा’ सांगणं अन्यायाचं आहे. आजारपणाची भरपगारी रजा देणं ही मालकाची जबाबदारी आहे, आणि एकामागून एक माणसं आजारी पडण्यापेक्षा ती स्वस्तच पडते.

घरी थांबलात म्हणून घरचे आपोआप सुरक्षित होत नाहीत. शक्य असेल तर वेगळी खोली, उघडी खिडकी, आणि शुश्रूषेला एकच माणूस, तोही शक्यतो धडधाकट. दोघांनीही मास्क लावावा. नळाची तोटी, दाराची कडी, रिमोट अशा कडक पृष्ठभागांवर हा विषाणू २४ ते ४८ तास टिकू शकतो, म्हणून ते पुसून घ्यावेत आणि हात २० सेकंद साबणाने धुवावेत.

आता औषधांचं. अँटिबायोटिकचा फ्लूवर उपयोग शून्य. ओसेल्टामिविरसारखं विषाणूविरोधी औषध लक्षणं सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत घेतलं तर सर्वाधिक उपयोगी. एरवी निरोगी असलेल्या माणसाचं आजारपण त्याने साधारण एखाद्या दिवसाने कमी होतं, त्यामुळे त्याने फक्त विश्रांती घेतली तरी बहुधा भागतं. पण वय ६५ च्या पुढे, गरोदरपण, मधुमेह, दमा, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार, किंवा अगदी लहान मूल असेल तर वाट पाहू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावं.

घरातल्या गोळ्यांची पाकिटं उलटून मागचा मजकूर वाचा. सर्दी-खोकल्याच्या अनेक मिश्र गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं. ती आणि तापाची गोळी दोन्ही घेतल्या तर नकळत मात्रा दुप्पट होते आणि यकृताला धोका पोचतो. मुलांना आणि किशोरांना अ‍ॅस्पिरिन देऊच नये, त्याने राय सिंड्रोम हा दुर्मिळ पण गंभीर आजार होऊ शकतो.

धाप लागणं, छातीत दुखणं, गोंधळल्यासारखं वागणं, ओठ निळसर होणं, किंवा बरं वाटून पुन्हा ताप आणि खोकला वाढणं, यातलं काहीही दिसलं तर थेट रुग्णालय गाठावं.

आणि लस की नुसती काळजी? माझं उत्तर: दोन्ही, पण लस आधी. ज्या वर्षी लस फिरत्या विषाणूशी जुळते, त्या वर्षी डॉक्टरकडे जावं लागेल असा फ्लू होण्याची शक्यता ती साधारण ४० ते ६० टक्क्यांनी कमी करते. टोचून घ्यायच्या लशीत जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे तिने फ्लू होत नाही. विषाणू बदलत राहतो, म्हणून ती दरवर्षी घ्यावी लागते. सहा महिन्यांखालच्या बाळांना ही लस देता येत नाही, त्यांचं रक्षण आईने गरोदरपणात आणि घरच्यांनी वेळेवर घेतलेल्या लशीनेच होतं. संरक्षण तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात, तेव्हा साथ सुरू व्हायची वाट पाहू नये.