लिथियम बॅटरी: दोन वर्षं वापरल्यावर

माझ्या सिंगल सिलिंडर मोटारसायकलमधली लेड-ॲसिड बॅटरी तिसऱ्यांदा बसली तेव्हा लिथियम घेतली. खोका उचलला तर रिकामाच वाटला. जुनी जवळपास ४ किलोंची, ही जेमतेम किलोभर. आकारानेही लहान, म्हणून सोबत आलेले फोमचे तुकडे लावून घट्ट बसवली.

सेल्फ मात्र काय मारते! बटणाला बोट लावलं की इंजिन फिरलंच.

खरा फटका बसला तो आकड्यामुळे. खोक्यावर ठळक १२ एएच (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप). आत खरी क्षमता ४ एएच. तो १२चा आकडा फक्त सेल्फ मारण्याच्या ताकदीचा, आणि कंपनीने हे बारीक अक्षरांत एका कोपऱ्यात लिहिलेलं. हे मला चीड आणणारं वाटतं. माझ्या गाडीत जीपीएस ट्रॅकर आहे, तो गाडी बंद असतानाही साधारण २० मिलीअँपिअर ओढतो. १२ एएचची बॅटरी त्यावर २५ दिवस तग धरेल, ४ एएचची आठच दिवस. गाडी उभी करून बाहेर गेलो, दहा दिवसांनी परतलो तर बॅटरीला लावलेल्या व्होल्टमीटरवर शून्य. बॅटरी खराब झाली नव्हती, आतल्या बीएमएसने, म्हणजे बॅटरी सांभाळणाऱ्या सर्किटने, पुरवठा तोडला होता. लिथियमच्या चार्जरला लावल्यावर जागी झाली.

मीटरवर १२.८ व्होल्ट दिसले तर निश्चिंत होऊ नका. लेडसाठी ती पूर्ण भरलेली, हिच्यासाठी तळाला गेलेली. भरलेली लिथियम १३.३च्या आसपास थांबते.

बसवण्याआधी गाडीचं चार्जिंग तपासाच. इंजिन रेस करून बॅटरीच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजा. माझं १४.२ आलं. १५च्या वर जात असेल तर आधी रेक्टिफायर (चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा भाग) बदला, नाहीतर नवी बॅटरी माराल. डीसल्फेशन मोडवाला (लेड बॅटरी सुधारायला जास्त व्होल्टेजचे झटके देणारा) जुना चार्जर हिला लावू नका.

कडक थंडीत पहिल्यांदा सेल्फ कण्हतो. मिनिटभर हेडलाइट लावून ठेवायची, त्याने सेल आतून थोडे गरम होतात, मग दुसऱ्या-तिसऱ्या वेळी नीट फिरतो.

मोबाइलसारखी पेटेल ही घरच्यांची भीती. ही लिथियम आयर्न फॉस्फेटची, त्या मानाने बरीच शांत जात.

आता ट्रॅकरला वेगळा स्विच लावलाय. नंतर एकदा बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून गाडी दोन महिने उभी ठेवली. परत आल्यावर मीटरवर १३.२, आणि पहिल्याच बटणाला चालू.