लोब मालिका: ग्रीकच्या वर्गात कितपत कामाची?

लोब म्हणजे प्राचीन ग्रीक-लॅटिन ग्रंथ इंग्रजी भाषांतरासह छापणारी पुस्तकमालिका. हिरवं कव्हर म्हणजे ग्रीक, लाल म्हणजे लॅटिन. डावीकडे मूळ, उजवीकडे इंग्रजी. १९११ साली स्थापन झालेली ही मालिका सुटसुटीत खरी, पण पहिल्या वर्षाच्या मुलांच्या हाती देऊ नका. क्रियापदाचं रूप ओळखायच्या आतच नजर उजव्या पानावर घसरते. व्याकरणाच्या टिपा जवळजवळ नाहीतच, त्यामुळे शब्दकोश शेजारी हवाच. होमरचं महाकाव्य ‘इलियड’ दोन खंडांत आहे, भाषांतर गद्य. वृत्ताची लय डावीकडचं मोठ्याने वाचूनच कळेल. दुसऱ्या वर्षापासून मात्र झकास: उजवं पान कागदाने झाकायचं, दहा ओळींचा अर्थ स्वतः लावायचा, मगच ताडून पाहायचं. प्राचीन ग्रीक विनोदी नाटककार ॲरिस्टोफेनीस घ्याल तर जेफ्री हेंडरसन यांच्या भाषांतराचाच खंड घ्या. १९२४च्या जुन्या खंडांत सगळा चावटपणा सोवळा करून ठेवलाय.