ओकोनोमियाकी: ओसाकाची की हिरोशिमाची?

ओकोनोमियाकी म्हणजे तव्यावर भाजायचा जपानी पदार्थ; ओसाका आणि हिरोशिमा या दोन शहरांत तो वेगवेगळ्या पद्धतीने बनतो. ओसाकात कोबी, अंडं आणि पीठ एकत्र कालवून तव्यावर जाडसर पसरतात. आपल्या धिरड्याचा गुबगुबीत भाऊच! काही दुकानांत टेबलातच तवा असतो. वाडगं हातात देतात, कालवा नि भाजा. चारजणांत गप्पा मारायला हे बेस्ट.

हिरोशिमात कालवाकालवी नाही. पिठाचा पातळ पापुद्रा, त्यावर कोबीचा डोंगर, कडधान्यांचे लांब मोड, पोर्कच्या चकत्या. मग नूडल्स, अंडं. उलटल्यावर कोबी वाफेने हळूहळू खाली बसतो. ते बघायला काउंटरवरच बसावं. ओकोनोमिमुरा या एकाच इमारतीत अशी २० हून जास्त दुकानं आहेत.

पोटभरीला माझं मत हिरोशिमाला. शाकाहारी मंडळींनी जपून: ओसाकात वर थरथरणारे काप सुक्या माशाचे असतात.