नोवी पाझारचे मंतिये: खायला एक नंबर, सर्व्हिस ढिम्म

सर्बियात नोवी पाझारला, म्हणजे जुन्या ऑटोमन (तुर्की) साम्राज्याच्या संजाकात (संजाक म्हणजे जिल्ह्यासारखा प्रांत), बाजारातल्या एका छोट्या हॉटेलात मंतिये खाल्ले. मैद्याच्या पारीत बीफ खिमा भरून इवलुशा गोळ्या करतात, ट्रेमध्ये एकमेकींना चिकटवून भट्टीत भाजतात आणि वरून गार दही, कडा कुरकुरीत अन् आत रसरशीत, अहाहा! बीफ चालत नसेल तर आधीच विचारा हां. सर्व्हिस मात्र ढिम्म. कॉफी येईपर्यंत मी मोबाईलवर संजाकाचा आख्खा इतिहास वाचून काढला, की कारभार सुलतानाचा पण १९०८ पर्यंत ऑस्ट्रियाचं सैन्य संजाकाच्या पश्चिम भागात तळ ठोकून, मग १९१२ च्या बाल्कन युद्धात सर्बिया-मॉन्टेनेग्रोने घेतला, पुढे वाटूनही टाकला. लोक अजून या भागाला संजाकच म्हणतात. कार्ड घेत नाहीत, दिनार खिशात ठेवा.