चेंडू, बॅट की जर्सी? सामन्यात वापरलेली बेसबॉलची वस्तू घेण्याआधी

अमेरिकेतल्या मित्रमंडळींकडून हा प्रश्न हल्ली बरेचदा येतो. मुलगी यांकीज या बेसबॉल टीमची वेडी आहे, मुलगा डॉजर्स या टीमशिवाय दुसरं बोलत नाही, आणि पदवीच्या निमित्ताने काहीतरी कायम राहील असं द्यायचंय. मग सही केलेला कोरा चेंडू घ्यावा, की सामन्यात खरोखर वापरलेली वस्तू? आणि वापरलेलीच घ्यायची तर चेंडू, बॅट की जर्सी?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी बेधडक देतो: वापरलेली वस्तू. सह्या खेळाडू एका बैठकीत शेकड्यांनी करतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा करतो. ठरावीक सामन्यात ठरावीक फटका बसलेला चेंडू मात्र जगात एकच असतो. वापरलेल्या वस्तूवर सहीही असेल तर सोन्याहून पिवळं, पण नुसत्या सहीपायी जास्तीचे पैसे मोजू नका.

दुसऱ्या प्रश्नाला थोडा वेळ द्यावा लागतो. किंमत ठरते खेळाडूवर, प्रसंगावर आणि तो प्रसंग वस्तूशी किती पक्का जोडता येतो यावर. नवीन माणूस खेळाडूच्या नावावर भाळतो. मुरलेला संग्राहक पुराव्यापासून सुरुवात करतो. 'टीम-इश्यूड' म्हणजे खेळाडूसाठी बनवलेली, पण मैदानात उतरल्याचा पुरावा नसलेली वस्तू. 'गेम-युज्ड' म्हणजे वापरलेली. आणि त्याही वर, अमुक तारखेच्या अमुक सामन्यात वापरल्याचं सिद्ध झालेली. या पायऱ्यांमधला भावाचा फरक नवख्याला चक्रावून टाकतो.

यांकीजचा दंतकथा बनलेला बॅटर बेब रूथ याची जर्सी घ्या. 1932 च्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे मोसमाच्या अंतिम मालिकेचा, तिसरा सामना, शिकागोचं रिगली फील्ड. रूथने हाताने इशारा केला आणि मग होम रन (बहुधा चेंडू थेट मैदानाबाहेर पाठवणारा फटका) मारली, अशी ती गाजलेली कथा. त्या दिवशीची राखाडी जर्सी 2005 मध्ये 9 लाख 40 हजार डॉलरला विकली गेली. 2024 च्या ऑगस्टमध्ये तीच जर्सी 2 कोटी 41 लाख डॉलरच्या वर गेली. मधल्या काळात बाजारच वधारला होता हे खरं, पण या वेळी जुन्या फोटोंशी केलेली बारकाईची जुळणीही तिच्यासोबत होती. जर्सी रूथची आहे एवढं कळणं वेगळं, आणि ती त्याच दुपारची आहे हे दाखवता येणं वेगळं.

चेंडूचा पुरावा सगळ्यात नेमका असतो. 1990 च्या दशकात बनावट सह्यांचा इतका सुळसुळाट झाला की एफबीआयला 'ऑपरेशन बुलपेन' ही मोहीम काढावी लागली. सॅन डिएगो पॅड्रेसचा खेळाडू टोनी ग्विन याला तर स्वतःच्याच टीमच्या दुकानात स्वतःच्या खोट्या सह्या दिसल्या होत्या. त्यानंतर 2001 मध्ये मेजर लीगने, म्हणजे अमेरिकेतल्या अव्वल बेसबॉल लीगने, स्वतःची प्रमाणीकरण व्यवस्था सुरू केली. सामन्याला हजर असलेला अधिकारी, बहुधा पोलिसातला आजी किंवा माजी, वस्तू खेळातून बाहेर येताना स्वतः बघतो आणि तिच्यावर होलोग्रामचं स्टिकर लावतो. तो काढायला गेलं की फाटतो. त्यावरचा क्रमांक लीगच्या संकेतस्थळावर टाकला की नोंद उघडते. चेंडूच्या नोंदीत बहुतेकदा इनिंग, पिचर (चेंडू टाकणारा), बॅटर आणि त्या चेंडूवर काय झालं तेही असतं. वापरलेला चेंडू पांढराशुभ्र नसतो, हेही लक्षात ठेवा. सामन्याआधी प्रत्येक चेंडूला डेलावेअर नदीकाठचा खास चिखल चोळतात, म्हणून तो जरा मळकट दिसतो.

साधा फाऊल झालेला (रेषेबाहेर गेलेला) किंवा जमिनीवर आपटलेला चेंडू बऱ्याच स्टेडियमच्या दुकानात परवडेल अशा भावात मिळतो. ज्या सामन्याला तुम्ही स्वतः गेला होतात त्यातला मिळाला, तर पहिल्या खरेदीसाठी त्याहून चांगलं मला काही सुचत नाही.

विक्रमी चेंडूंपासून मात्र चार हात लांब राहा. त्यांचा भाव विक्रमाला बांधलेला असतो आणि विक्रम मोडतात. एका मोसमात सर्वाधिक होम रनचा विक्रम करणाऱ्या मार्क मॅग्वायरच्या 70 व्या होम रनचा चेंडू 1999 मध्ये 30 लाख डॉलरच्या आसपास गेला. 2001 मध्ये बॅरी बाँड्सने 73 मारल्या. बाँड्सचा 73 वा चेंडू 2003 मध्ये साडेचार लाखांत निघाला, तोही मालकीवरून कोर्टकचेरी झाल्यावर. पुढे खेळाडूंच्या स्टेरॉइड वापराचं प्रकरण उघड झालं. ॲरन जजच्या 62 व्या होम रनचा चेंडू ज्याने झेलला त्याने 30 लाखांची ऑफर नाकारली होती; शेवटी लिलावात 15 लाख आले. शोहेई ओतानीचा 50 व्या होम रनचा चेंडू 2024 मध्ये 43 लाख 92 हजार डॉलरला गेला. हे आकडे वाचायला मजा येते, पण घरासाठी वस्तू घेणाऱ्याने त्यांवर आपलं गणित बेतू नये.

बॅट ही माझी आवडती, कारण ती वाचता येते. बॅरलवर, म्हणजे बॅटच्या जाड भागावर, चेंडूच्या टाक्यांचे ठसे उमटलेले दिसतात, कधी चेंडूवरच्या छापाची शाईही लागलेली असते. डगआऊटमधल्या (खेळाडूंच्या बसण्याच्या जागेतल्या) रॅकमध्ये सतत आत-बाहेर करून अंगावर रंगाचे ओरखडे येतात. मुठीवर पकड घट्ट राहावी म्हणून लावलेल्या पाइन टारचा काळा चिकट थर असतो, आणि तो कुठवर चढवायचा ही ज्याची त्याची सवय. मुठीच्या टोकाच्या गोळ्यावर, म्हणजे नॉबवर, मार्करने लिहिलेला जर्सीचा नंबर. मूठ बारीक तडकलेली असेल तर बिचकू नका. बॅट खेळातून बाद का झाली हे ती तडच सांगते. तुकडाच उडालेला असेल तर मात्र भाव पडतो. लुईव्हिल स्लगर या ब्रँडच्या जुन्या बॅटसाठी कारखान्याच्या नोंदी उपयोगी पडतात: खेळाडूने कुठलं मॉडेल, किती लांबीचं आणि वजनाचं मागवलं होतं, ते हातातल्या बॅटशी ताडून बघता येतं. वेळोवेळी लोगोचा शिक्का थोडा बदलला, त्यावरूनही काळ ठरतो. पीएसए ही संस्था अशा बॅटना 1 ते 10 गुण देते.

बॅटची उणीव एकच. ती या खेळाडूची, या काळातली, भरपूर वापरलेली, इथवर खात्रीने जाता येतं. पण कुठल्या दिवसाची, हे होलोग्राम किंवा लाकडाच्या रेषा दिसतील असा स्पष्ट फोटो असल्याशिवाय सांगता येत नाही. तारीख पक्की असलेली बॅट म्हणूनच वेगळ्याच, वरच्या रांगेत जाऊन बसते. 18 एप्रिल 1923 ला यांकी स्टेडियममधली पहिली होम रन रूथने ज्या बॅटने मारली, ती 2004 मध्ये 12 लाख 65 हजार डॉलरला गेली.

जर्सीत पैसा सगळ्यात जास्त आणि धोकाही. पूर्वी मोसम संपला की जर्सी खालच्या लीगच्या टीमकडे जात. नाव उसवलं जाई, नंबर बदलला जाई. त्यामुळे जुन्या जर्सीत मागाहून शिवलेली अक्षरं किती, हा पहिला प्रश्न. इथे फोटो-मॅच, म्हणजे सामन्यातल्या फोटोंशी वस्तूची जुळणी, कामाला येतो. यांकीजच्या घरच्या मैदानावरच्या जर्सीवरची प्रत्येक उभी रेघ शिवणीपाशी कुठे तुटते आणि अक्षराला कुठे छेदते, हे दोन जर्सींत तंतोतंत सारखं सहसा नसतं. 15 एप्रिलची गंमत वेगळीच: मेजर लीगमधली वर्णभेदाची भिंत मोडणाऱ्या जॅकी रॉबिन्सनच्या स्मरणार्थ 2009 पासून त्या दिवशी सगळेच त्याचा 42 नंबर घालतात. म्हणजे जर्सीचा प्रसंग नंबरावरूनच कळतो, पण कोणाची ते पाठीवरून कळत नाही. अशी जर्सी होलोग्रामशिवाय घेऊच नका.

माझा कौल असा. पहिल्यांदाच घेत असाल तर स्वतः पाहिलेल्या सामन्यातला होलोग्रामवाला चेंडू. थोडं जास्त बजेट असेल, तर मोठ्या स्टारची संशयास्पद जर्सी घेण्यापेक्षा मुलांच्या आवडत्या, पण फार मोठा स्टार नसलेल्या खेळाडूची 2001 नंतरची, होलोग्रामवाली बॅट. जर्सी घ्यायची ती फोटो-मॅचचा अहवाल हातात आल्यावरच, आणि अहवाल कोणी दिला तेही तपासून. विकणाऱ्याचं स्वतःचं प्रमाणपत्र पुरावा म्हणून धरू नका. 'खेळाडूच्या नातेवाइकाकडून मिळाली' या गोष्टीला कागद नसेल तर तिची किंमत शून्य धरा.

आणि घरी आणल्यावर जर्सी धुऊ नका, बॅट पुसू नका. गुडघ्याशी बसलेली माती आणि मुठीवरचा चिकटपणा यांचेच तुम्ही पैसे दिले आहेत. काचेच्या पेटीत ठेवा, उन्हापासून दूर, आणि पावती, अहवाल, होलोग्रामचा क्रमांक एकाच पाकिटात तिच्याजवळ ठेवा.