कादंबरीकट्टा : ‘कोणी वाचू नये’ हे विचारणारं पुस्तकाचं दुकान

फळीवर पुस्तकाखाली वाचकांच्या चिठ्ठ्या लावायची पद्धत आता बऱ्याच दुकानांत आलीय. पण त्या चिठ्ठ्यांवर असतं काय? ‘अप्रतिम’, ‘मन हेलावून टाकणारी’, ‘प्रत्येकाने वाचलीच पाहिजे’. पन्नास कादंबऱ्यांवर तीच तीन वाक्यं. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या ‘कादंबरीकट्टा’ या दोन गाळ्यांच्या दुकानाने त्यावर साधा उपाय काढला. चिठ्ठीवर रकाने छापले. दर महिन्याचा एका कादंबरीवरच्या गप्पांचा कट्टा, दहा टक्के सवलत, व्हॉट्सॲप गट हे सगळं इथे आहेच, पण तेवढं इतरत्रही मिळतं. इथे यायचं ते चिठ्ठ्यांसाठी.

चिठ्ठी पोस्टकार्डाएवढी, जाड कागदाची. रकाने चार. कोणती आवृत्ती वाचली, कुठपर्यंत वाचली, काय भावलं किंवा कुठे अडलं (त्याला फक्त पाच ओळी), आणि शेवटी ‘कोणी वाचू नये’. खाली आद्याक्षरं आणि महिना. तारे नाहीत, दहापैकी गुण नाहीत. चौथा रकाना रिकामा असेल तर काउंटरवरून चिठ्ठी परत मिळते, आणि तिथे ‘कोणीही नाही’ असं लिहिलेलंही चालत नाही. पहिल्यांदा लिहिणारे इथे हमखास थांबतात, कारण कादंबरी आवडली असेल तर ती कोणाला आवडणार नाही याचा विचार आपण सहसा करत नाही.

फरक कुठे पडतो ते विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’च्या चिठ्ठ्यांत दिसतं. कादंबरी १९३९ची, जेमतेम शंभर-सव्वाशे पानांची, युरोपातून निघालेल्या बोटीवर भेटलेल्या चक्रधर आणि हेर्टाची. नुसतं ‘सुंदर प्रेमकथा’ लिहिलं की गिऱ्हाईक हलकंफुलकं काही समजून घेऊन जातं आणि निराश होतं. फळीवरची चिठ्ठी सांगते की निव्वळ प्रेमकथा हवी असणाऱ्याने ही घेऊ नये; बोटीवरचे ज्यू प्रवासी कशापासून पळताहेत हे डोक्यात ठेवलं नाही तर शेवट अंगावर येण्याऐवजी नुसताच घाईचा वाटतो. पाच ओळींत एवढं कळलं तर आणखी काय पाहिजे?

‘कुठपर्यंत वाचली’ हा रकानाही तितकाच कामाचा. अर्धवट सोडलेल्या कादंबरीवर मत द्यायला इथे मुभा आहे, फक्त कुठे सोडली ते लिहायचं. त्यातून एक चित्र तयार होतं. भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ (१९६३) सोडणारे बहुतेक वसतिगृहाच्या आणि मेसच्या भागातच सोडतात. तो भाग ओलांडला की सहसा पुस्तक संपवूनच उठतात. हे कळल्यावर नवा वाचक तिथे जरा दम धरतो. किरण नगरकरांच्या ‘सात सक्कं त्रेचाळीस’चं (१९७४) उलटं आहे. तिथे सोडणारे पहिल्या वीस-तीस पानांतच सोडतात, कारण काळ मागेपुढे उड्या मारतो आणि कोण कोणाशी बोलतंय ते लगेच लागत नाही. ज्याला ते चालतं त्याला शेवटपर्यंत चालतं. ‘थोडं पुढे वाचा, जमेल’ हा सल्ला ‘कोसला’ला लागू पडतो, नगरकरांना पडत नाही.

या रकान्यात एक गोम आहे. पानाचा आकडा लिहून भागत नाही. गाजलेल्या कादंबऱ्यांच्या आवृत्त्या दोन-तीन प्रकाशकांकडून निघालेल्या असतात, अक्षरजुळणी बदलते, आणि एका प्रतीतलं ८० वं पान दुसरीत ६६ वं असतं. म्हणून आवृत्तीचा रकाना घातला, पण लोक तो टाळतात किंवा तिथे पुस्तकाची किंमत लिहितात. काही जण मग प्रसंगावरून खूण सांगतात आणि तिथे दुसरंच संकट उभं राहतं. ‘मनी गेल्यापर्यंत वाचली’ असं कोणी लिहिलं की ‘कोसला’ न वाचलेल्याला नको ते आधीच कळलं. प्रकरणं असतील तिथे प्रकरणाचा क्रमांक, नसतील तिथे ‘पाव, निम्मी, पाऊण’ एवढंच लिहायला सांगावं. दुकानाने हे अजून चिठ्ठीवर छापलेलं नाही. छापायला हवं. (‘कोसला’वरच्या निम्म्याअधिक चिठ्ठ्या ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ वापरून नायक पांडुरंग सांगवीकरच्या भाषेत लिहिलेल्या असतात. पहिल्या तीन वाचायला गंमत येते. त्यापुढे नाही.)

एका कादंबरीखाली एका वेळी तीनच चिठ्ठ्या. चौथी आली की सगळ्यात जुनी काढून बॉक्स फायलीत जाते. फायली काउंटरच्या मागे आहेत, मागितल्या की बसून बघता येतात. खरा ऐवज तिथे आहे. पण त्या कादंबरीच्या नावाने लावल्यात, लेखकाच्या नाही. एकाच लेखकावरची मतं शोधायची तर चार-पाच फायली उपसाव्या लागतात. फळीवरच्या तिघींत एक तरी विरोधी सूर असला पाहिजे असा दंडक आहे, फायलीत तसा सूर असेल तर. विक्रेत्याने हा नियम स्वतःवर लादून घेणं सोपं नाही, त्यामुळे त्याचं कौतुक मोकळेपणाने करावंसं वाटतं.

हा नियम लंगडा पडतो तो घरच्या माणसांपाशी. शिवाजी सावंत आजऱ्याचे, रणजित देसाई चंदगड तालुक्यातल्या कोवाडचे, आणि वि. स. खांडेकरांचं उत्तरायुष्य कोल्हापुरात गेलं. ‘मृत्युंजय’, ‘स्वामी’ आणि ‘ययाती’ यांच्याविरुद्ध इथे कोणी लिहीत नाही, तोंडी कुजबुजतात. ‘ययाती’ला मराठीतलं पहिलं ज्ञानपीठ मिळालं (१९७४) हे प्रत्येक चिठ्ठीत आहे, पण भाषेच्या अलंकारांनी दमछाक होते हे एकीतही नाही. तसंच स्थानिक लेखकाचं नवं पुस्तक आलं की पहिल्या आठवड्यात पाहुण्या-मित्रांच्या चिठ्ठ्या येतात आणि तिन्ही जागा अडतात. नव्या पुस्तकाला पहिले दोन महिने चिठ्ठीच लावू नये, किंवा ‘लेखक ओळखीचे’ असा पाचवा रकाना घालावा.

चिठ्ठ्या टिकवण्यात काही चुका झाल्या, त्या असं काही सुरू करणाऱ्याने आधीच टाळाव्यात. जेल पेनची शाई कोल्हापूरच्या पावसाळ्यात दमट हवेने पसरते, बॉलपेनच वापरायचं. चिकटपट्टीने चिठ्ठी मुखपृष्ठावर लावली तर काढताना लॅमिनेशन सोलतं आणि ती प्रत वितरक परत घेत नाही. आता फळीच्या कडेला प्लास्टिकची पन्हाळी लावलीय, तिच्यात चिठ्ठ्या सरकवतात. रस्त्याकडच्या काचेजवळच्या चिठ्ठ्या उन्हाने सहा महिन्यांत फिक्या होतात. तिथे कादंबऱ्या ठेवायच्याच नाहीत.

आता कट्टा. दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी साडेपाच ते सव्वासात. खुर्च्या अठरा, येतात बारा ते पंधरा. शंभर रुपये घेतात, पण त्या दिवशीच्या खरेदीत वळते करतात. पहिल्या फेरीत प्रत्येकाला तीन मिनिटं, मध्ये कोणी बोलायचं नाही. दुसरी फेरी मोकळी. तीन मिनिटांची फेरी उत्तम चालते. मोकळी फेरी संचालक कोण यावर अवलंबून. संचालक ढिला असला की वीस मिनिटांत गाडी कादंबरीवरून लेखकाच्या भांडणांवर आणि तिथून कोणाला कोणता पुरस्कार कसा मिळाला यावर जाते. नंदा खऱ्यांच्या ‘उद्या’च्या वेळी तर त्यांनी २०२०चा साहित्य अकादमी पुरस्कार का नाकारला यातच वेळ गेला, कादंबरीतलं पाळत ठेवणारं जग राहिलं बाजूला.

मोठ्या कादंबऱ्यांचं गणित दुकानाला जमलेलं नाही. नेमाड्यांची ‘हिंदू’ (२०१०) सुमारे सहाशे पानांची, म्हणून तिचे तीन महिन्यांचे तीन हप्ते पाडले. दुसऱ्या हप्त्याला निम्मे लोक गळाले. कारण उघड आहे. ज्यांनी आधीच संपवली ते शेवटाबद्दल बोलतात, आणि मागे पडलेले लाजून घरी बसतात. पानांचे तुकडे करण्यापेक्षा आवाजांचे तुकडे करावेत. ‘ययाती’ ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा यांच्या तोंडून येते. ‘मृत्युंजय’मध्ये कर्णाखेरीज कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली आणि कृष्णही बोलतात. अशा कादंबरीत एकेक निवेदक दोघा-तिघांना वाटून दिला तर सगळी वाचून न झालेल्यालाही भक्कम काही बोलता येतं. ‘ययाती’ला हे केलं होतं आणि तो कट्टा सगळ्यात चांगला झाला. पुन्हा का केलं नाही, कोण जाणे.

बोलीचा प्रश्न मात्र इथे फार छान सोडवलाय. रा. रं. बोराडेंची ‘पाचोळा’ (१९७१) पार्वतीच्या तोंडून, मराठवाड्याच्या बोलीत. उद्धव शेळक्यांच्या ‘धग’मधली (१९६०) कौतिक वऱ्हाडी बोलते. कोल्हापूरकराला या दोन्ही कादंबऱ्या डोळ्यांनी वाचायला जड जातात, कानाने ऐकायला नाही. म्हणून अशा कादंबरीच्या वेळी सुरुवातीला दोन पानं मोठ्याने वाचतात, शक्यतो त्या भागातून आलेल्या माणसाकडून. दहा मिनिटं जातात, पण पुढचा दीड तास ‘भाषा कळली नाही’ हे वाक्य ऐकू येत नाही. कृष्णात खोतांच्या ‘रिंगाण’ला (साहित्य अकादमी, २०२३) याची गरजच नव्हती. बोली इथल्याच मातीतली, कादंबरीतल्यासारखी धरणाने उठलेल्या गावांची माणसं आसपासच्या तालुक्यांत आहेत, आणि तिच्यातल्या मागे राहिलेल्या म्हशीवर लोक माणसावर बोलावं तसं बोलले.

प्रती मिळणं ही सगळ्यात मोठी डोकेदुखी, आणि त्यात सगळा दोष दुकानाचा नाही. मराठी कादंबरीची आवृत्ती हजाराच्या आसपास प्रतींची असते. ती संपली की पुढची कधी निघेल याचा भरवसा नसतो. दुकान पाच आठवडे आधी पंधरा प्रती मागवतं, त्यातल्या कधी कधी सहाच येतात. तेव्हा पुढच्या कादंबरीचं नाव ऐकल्या दिवशीच प्रत राखून ठेवा, पन्नास रुपये अनामत लागते. न मिळाल्यास करवीर नगर वाचन मंदिरात जुनी प्रत असते बऱ्याचदा, पण ती एकच आणि रांग मोठी. पुस्तकाची छायाप्रत गटावर फिरवायची नाही हा नियम कडक आहे. तो मोडणाऱ्याला गटातून काढतात, आणि बरोबर करतात.

व्हॉट्सॲप गटाबद्दल थोडक्यात: सुप्रभात आणि फुलं. आवाज बंद करून ठेवावा. निपाणी-बेळगावकडचे वाचक शनिवारी बसने येऊ शकले नाहीत तर याच गटावर आपल्या चिठ्ठीचा फोटो टाकतात, तेवढ्यापुरता तो उघडावा. चहा कडक, गाळ्यासमोर गाडी लावायला जागा नाही.

कोणाला उपयोग नाही? परीक्षेसाठी टिपणं हवी असणाऱ्यांना, आणि फक्त अनुवादित किंवा इंग्रजी कादंबऱ्या वाचणाऱ्यांना; त्यांच्यासाठी फळीचा एकच खण आहे आणि त्यावरच्या चिठ्ठ्या विरळ. बाकी कोणीही कट्ट्याला न येता नुसत्या फायली चाळायला गेलं तरी चालतं. त्यासाठी शनिवार टाळावा, खुर्च्या मांडलेल्या असतात. गुरुवारी दुपारी तीननंतर जावं. स्वतःची चिठ्ठी द्यायची असेल तर बॉलपेन घेऊन जावं, काउंटरवरचं नेहमी कोणीतरी खिशात घालून गेलेलं असतं. सोमवारी दुकान बंद.